हिरा मॅडमचा बंद

हिरा वरखंडे रागावल्या की आवाज खाली आणत. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला वाटे, मॅडम शांत झाल्या. आम्ही जुने लोक मात्र खुर्ची सरकवून घ्यायचो.

डहाणूच्या नगरपरिषदेत त्या उद्यान निरीक्षक होत्या आणि मी त्याच खात्यात लिपिक. आमची टेबलं समोरासमोर होती. मी किनाऱ्यावरच्या आगर गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्या तलासरीकडच्या झरीच्या, वारली घरातल्या, शेतकीची पदविका घेऊन नोकरीला लागलेल्या. सावळ्या, बुटक्या, अंगाने भरलेल्या. पावसात छत्री घेत नसत. पुरुषी बनावटीचा काळा रेनकोट घालत आणि त्याच्या खिशात भाजलेल्या चिंचोक्यांची पुडी असे. एखादा माणूस खोटं बोलतोय असं वाटलं की त्या एक चिंचोका तोंडात टाकत आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कडाकडा चावत बसत. ठेकेदारांना त्या आवाजाची धास्ती होती.

मला त्या नावाने कधी हाक मारत नसत, आडनावानेच. "तांडेल, इकडे ये," एवढंच. त्यांनी मला आयुष्यात एकच उपदेश केला. मी कोणाशी तरी झालेलं भांडण मिटवून आलो होतो आणि सांगत होतो की जाऊ दे, विसरून गेलेलं बरं. त्या म्हणाल्या, "ज्याचं काही गेलं नाही त्याने विसरावं. तुझं काही गेलं का? मग तू विसर."

त्या स्वतः विसरत नसत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका हेडक्लार्कने त्यांच्या देखत दुसऱ्याला म्हटलं होतं, "ह्या कोट्यातल्या, नाही का?" हा माणूस पुढे बरीच वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत होता. त्याच्याशी त्या कामाचं सगळं बोलल्या, एक शब्द वावगा नाही. मग त्याच्या निवृत्तीचा समारंभ झाला आणि खात्यातर्फे बोलायची पाळी मॅडमवर आली. त्यांनी दहा मिनिटं सुंदर भाषण केलं. हार करणाऱ्या बाईचं कौतुक केलं, चहा करणाऱ्याचं केलं, माईक लावणाऱ्या पोराचं केलं, खुर्च्या नीट मांडल्या म्हणून शिपायाचं केलं. ज्याचा समारंभ होता त्याचं नाव घेतलं नाही. बसायच्या आधी त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "आम्ही कोट्यातले. आम्हाला मोठ्या माणसांबद्दल बोलता येत नाही."

हे सगळं आम्ही एकमेकांना हसत सांगायचो. टेकडीचं झालं, त्यानंतर हसणं थांबलं.

स्टेशनच्या पूर्वेला नगरपरिषदेची टेकडी आहे. वर बाग, मागच्या अंगाला साग आणि करवंदीचं रान. तिथे डोंगरी सायकलींसाठी वाटा करायच्या, ही कल्पना जिग्नेशभाईंची. जिग्नेशभाई चिकूच्या वाड्यांचे मालक, बोलायला गोड, नगरपरिषदेत सगळ्यांना दिवाळीला मिठाई पाठवणारे. त्यांनी सायकलवाल्यांचं एक मंडळ काढलं होतं. वाटा आखायचं काम मॅडमकडे आलं आणि गंमत म्हणजे त्या कामात त्यांचा जीव रमला. कुठल्या झाडाला वळसा घालायचा, कुठे दगडांची पायरी ठेवायची, हे त्या स्वतः कुदळ घेऊन ठरवत. चाळिशी उलटल्यावर त्या सायकल शिकल्या. ऑफिसच्या आवारात आम्ही मागून धरायचो आणि त्या दातओठ खाऊन पायडल मारायच्या. पडल्या तेव्हा उठल्या आणि सायकलकडे असं बघितलं, की मला त्या सायकलची काळजी वाटली.

सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत नावाजलेली वाट टेकडीच्या मागच्या उतारावरून खाली जायची. त्या उताराच्या पायथ्याशी खालचा पाडा आहे, आणि त्या पाड्यात मॅडमची थोरली बहीण दिली होती. रखमाबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रानभाज्या, काकड्या, कंदमुळं जे निघेल ते टोपलीत घालून ती टेकडी चढून उतरून डहाणूच्या बाजारात यायची. मॅडम जेवणाच्या सुट्टीत बाजारात जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसून डबा खायच्या. नगरपरिषदेची अधिकारी बाई भाजीच्या टोपलीमागे बसून जेवते, याचं कोणाला नवल वाटलं तर ते त्याने स्वतःपाशी ठेवायचं.

पावसाळ्यात वाटा बंद ठेवायचा नियम मॅडमनीच घातला. आमच्याकडची लाल माती भिजली की लोण्यासारखी होते. तिच्यावरून जाड टायर गेला की चाकोरी पडते, चाकोरीतून पाणी धावतं, आणि पाणी धावलं की चाकोरीचा ओहोळ होतो. मॅडमची परीक्षा साधी होती. वाटेवर टाच दाबायची. टाचेच्या खळग्यात पाणी उतरलं तर वाट बंद. कोणती वाट कधी बंद करायची आणि कधी उघडायची, याचा अधिकार उद्यान निरीक्षकाला राहील असा ठराव झाला. तो जिग्नेशभाईंनीच करवून घेतला. म्हणाले, "दर वेळी कमिटीकडे कुठे जायचं ने? मॅडम आपल्याच आहेत."

एका श्रावणात रविवारी सकाळी कोणीतरी मागच्या वाटेची साखळी कापली. सुरत-मुंबईचे पाहुणे आले होते आणि त्यांना चिखलात सायकल उडवतानाचे व्हिडिओ काढायचे होते. सबंध सकाळ ते त्या उतारावरून खाली जात राहिले, टेम्पोने वर येत राहिले. चौकीदाराने अडवलं तर जिग्नेशभाई म्हणाले, "मॅडमशी माझं बोलणं झालंय." बोलणं झालं नव्हतं. मॅडम त्या दिवशी झरीला भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, भावाकडे गेल्या होत्या.

पुढचे दोन दिवस पाऊस कोसळला. पाणी त्या चाकोऱ्यांमध्ये शिरलं, आणि बुधवारी सकाळी उताराचा एक लांबलचक तुकडा सुटून खालच्या पाड्यावर आला. बाकीची घरं वाचली. रखमाबाईच्या घराची मागची कुडाची भिंत आत आली. ती चुलीपाशी होती. लोकांनी तिला ओढून काढलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. तो कापावा लागला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा मॅडम बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. अंगावर चिखलाचा रेनकोट तसाच. थोड्या वेळाने जिग्नेशभाई आले. हातात सफरचंदांची टोपली, तिला रंगीत कागद. टोपली बाकावर ठेवून ते हळहळले, मग म्हणाले, "काय करणार मॅडम? निसर्गापुढे कोणाचं चालतं?"

मॅडमनी मान हलवली. "खरं आहे," त्या म्हणाल्या. अगदी खालच्या आवाजात.

मी जिग्नेशभाईंकडे बघितलं. त्यांना काही कळलं नव्हतं. ते समाधानाने निघून गेले.

चौकशी झाली. मॅडमनी कापलेली साखळी पुढे ठेवली, चौकीदाराला उभं केलं. पण तोवर चौकीदाराला रविवारी सकाळी काय झालं ते नीट आठवेनासं झालं होतं. नैसर्गिक आपत्ती ठरली. शहरात त्यावर कोणी फारसं बोललंही नाही. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी वाढवणचं बंदर होतं. आमच्या घरचेही त्या बंदराविरुद्धच्या मोर्चाला जात होते. एका पायाची बातमी किती दिवस राहणार?

मला वाटलं, मॅडम आता वर तक्रार करतील, कोर्टात जातील. त्यांनी काहीच केलं नाही. रखमाबाईला स्वतःच्या घरी आणलं, तिला कुबड्यांवर चालायला शिकवलं. ती बरी झाल्यावर पाड्यात परत जायचं म्हणाली, तेव्हा भावाला झरीहून बोलावून तिचं घर पुन्हा उभं केलं. जिग्नेशभाईंशी त्या पूर्वीसारख्याच बोलत. फक्त ते समोर असले की चिंचोके चावत.

आणि वाटा बंद होत्या. दसरा झाला, दिवाळी झाली, जमीन कडक झाली. इतर वाटा एकेक करून उघडल्या. मागची वाट बंद. मंडळाचे लोक विचारायला आले की मॅडम म्हणत, "उतार अजून बसलेला नाही." त्यावर कोण काय बोलणार? उतार खरंच कोसळला होता. नाताळ गेला आणि मग एका सोमवारी त्यांनी वाट उघडली. होळीनंतर एक वळीव पडला तेवढ्यावरून पुन्हा बंद केली. दुसऱ्या वर्षी तेच. लांबून येणारे लोक यायचे, साखळी बघायचे, परत जायचे. मंडळ विरळ होत गेलं.

जिग्नेशभाईंनी मात्र त्या वाटेच्या भरवशावर टेकडीला लागून मोठं विश्रामगृह बांधायला घेतलं होतं. सायकली ठेवायला शेड, धुवायला फरशी, भिंतीवर चाकांची चित्रं. बांधून झालं तेव्हा त्यांनी नोव्हेंबरात मोठी शर्यत जाहीर केली. लांबलांबचे स्पर्धक, पुढारी, बातमीदार. मागच्या वाटेशिवाय शर्यतीला अर्थ नव्हता. ते मॅडमकडे आले, टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. मॅडमनी त्यांना बसा म्हटलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "घ्या ना शर्यत. जमीन कोरडी असली तर माझं काय जातंय?"

त्यांनी वाट उघडलीसुद्धा. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात लोक सराव करत होते. मला वाटलं, मिटलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी अवकाळी भुरभुर आली आणि गेली. धूळ बसली, बाकी काही नाही. दुपारी मी कामासाठी टेकडीवर गेलो तर बागेचा पाण्याचा टँकर मागच्या वाटेच्या तोंडाशी उभा होता. नळी उतारावर सोडलेली. मॅडम एका दगडावर बसून होत्या. मी म्हटलं, "मॅडम, सकाळीच पाऊस पडला ना?"

"रोपांना पुरला नाही," त्या म्हणाल्या.

वाटेच्या कडेला रोपं होती, हे खरं. पण पाणी रोपांच्या आळ्यात नव्हतं. ते वाटेवरून खाली चाललं होतं. त्यांनी मला एक चिंचोका दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीखाली मेळा भरला होता. कमानी, भोंगे, छातीवर नंबर लावलेले स्पर्धक. मॅडम आल्या, गर्दीतून मागच्या वाटेपाशी गेल्या आणि साखळी लावून कुलूप घातलं. जिग्नेशभाई पळत आले. त्यांच्यामागे दोन पुढारी आणि बातमीदार.

"मॅडम, हे शुं करता तुम्ही?"

मॅडमनी चप्पल काढली, वाटेवर टाच दाबली आणि पाय उचलला. खळग्यात पाणी उतरलं. सगळ्यांनी वाकून बघितलं.

"काल पाऊस झाला," त्या म्हणाल्या. "खाली पाडा आहे. लोकं राहतात."

"अहो पण थोडासा पाऊस..."

"नियम आहे. तुम्हीच ठराव करून घेतलात."

जिग्नेशभाईंनी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावून मॅडमच्या हातात दिला. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "उघडते साहेब. उतार आला तर जबाबदारी तुमची, एवढं सगळ्यांसमोर सांगा. फोन मोठ्याने लावते." पलीकडून फोन बंद झाला.

जिग्नेशभाईंचा चेहरा घामाने भिजला होता. ते आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मी बरबाद होईन. काहीतरी करा."

मॅडम त्यांच्याहून खालच्या आवाजात बोलल्या. मी शेजारी होतो म्हणून ऐकलं.

"काय करणार जिग्नेशभाई? निसर्गापुढे कोणाचं चालतं?"

या वेळी त्यांना कळलं. ते तिथेच कठड्यावर बसले. भोंग्यावर शर्यत रद्द झाल्याचं सांगितलं गेलं आणि माणसं शिव्या देत गाड्यांकडे वळली. मॅडम साखळीपाशी उभ्या राहून एकेक गाडी जाताना बघत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेवढं निवांत बघितलं नव्हतं.

ते फार वेळ टिकलं नाही. गर्दी पांगल्यावर आम्ही पायवाटेने खालच्या पाड्यात उतरलो. रखमाबाईच्या अंगणात पाड्यातल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. मध्ये नागलीच्या भाकऱ्यांची चळत, मिरचीचा ठेचा, पातेलंभर उडदाचं बेसण. शर्यतीच्या लोकांना दुपारचं जेवण करून द्यायचं काम या बायकांनी घेतलं होतं. मॅडमना हे ठाऊक नव्हतं. रखमाबाईने मुद्दाम सांगितलं नव्हतं.

दोघी आपसात वारलीत बोलत. मला समजलं तेवढं मराठीत सांगतो.

"बंद केलीस?" रखमाबाईने विचारलं.

"केली."

"मग हे आता कोण खाणार?"

"त्याच्या माणसांना जेवायला घालायचं होतं तुला?" मॅडम म्हणाल्या. "तुझा पाय घेतला त्याने."

"माझा पाय मला माहीत आहे. तू सांगू नको." रखमाबाईने कुबडी जमिनीवर आडवी ठेवली. "मी त्याला निरोप धाडला होता, की तुम्ही स्वतः जेवायला आलंच पाहिजे. हो म्हणाला होता. त्याला मी समोर बसवणार होते. एका पायावर उठून वाढणार होते. भाकर संपली की पुन्हा उठणार, पुन्हा वाढणार. चार लोकांसमोर. त्याच्या घशाखाली कसा घास उतरतो, ते मला बघायचं होतं. तू तुझं उरकून घेतलंस, माझं राहिलं."

मॅडम खाली बसल्या. त्यांनी एक भाकर उचलली, मोडली आणि खाऊ लागल्या. दुसरी घेतली. बायका बघत राहिल्या. "तांडेल, तूही बस," त्या मला म्हणाल्या. मी बसलो. तेवढ्या भाकऱ्या दोन माणसांनी संपणाऱ्या नव्हत्या, पण मॅडम पोट भरल्यावरही खात होत्या, आणि रखमाबाई त्यांना थांब म्हणत नव्हती.

टँकरचं मी त्यांना नंतर एकदा विचारलं. म्हटलं, "जमीन तशी कोरडी होती ना?" त्या म्हणाल्या, "होती." मग थोड्या वेळाने, "त्याच्या वेळी चौकीदाराला आठवत नव्हतं. माझ्या टँकरवाल्यालाही आठवणार नाही." एवढंच.

त्या शर्यतीनंतर विश्रामगृह चाललंच नाही. मॅडमनी मागच्या उतारावर बांबू आणि वाळा लावून ती वाट कायमची मोडून टाकली, आणि सायकलींसाठी दुसऱ्या अंगाला सोपी, लांब वाट काढली. तिच्यावर आता शाळेची पोरं जातात. जिग्नेशभाईंनी विश्रामगृह विकायला काढलं. वापीला मुलाकडे जायच्या आधी ते एकदा ऑफिसात आले. खूप खराब झाले होते. मॅडमच्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "माझं चुकलं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

मॅडम फाइल वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाय माझा गेला नाही. पाड्यात जा."

ते गेले. मॅडमनी मला पाठवलं, नक्की जातात का बघायला. मी अंगणाच्या कुंपणापासून बघितलं. रखमाबाईने त्यांना चटईवर बसवलं होतं. ती भिंत धरून उठली, एका पायावर तोल सावरत भाकर आणली, वाढली, बसली. ते खाली मान घालून जेवत होते. भाकर संपली तशी ती पुन्हा उठली. त्यांनी हात आडवा केला. तिने तो बाजूला सारला आणि वाढलं. पुन्हा उठली. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी ते रडायला लागले आणि तरी ती उठलीच.

मी येऊन सगळं सांगितलं. मॅडमनी बारीकसारीक विचारलं. कितीदा उठली, तो काय म्हणाला, रडला तेव्हा रखमाने काय केलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "बरं झालं. तिचं मिटलं."

"आणि तुमचं?"

त्यांनी फाइल पुढे ओढली.

त्या निवृत्त होऊन झरीला गेल्या. रखमाबाईलाही बरोबर नेलं. समारंभ नको म्हणाल्या. आम्हीही आग्रह केला नाही, भाषणाच्या भीतीने असेल. मधे दोन पावसाळे गेले. गेल्या जुलैत मला तलासरीला काम निघालं, तेव्हा मी वाकडी वाट करून झरीला गेलो. मॅडम शेतात होत्या. गुडघाभर चिखलात उभ्या, पाठीवर पळसाच्या पानांचं इरलं, भावाच्या घरच्या बायकांच्या रांगेत आवणी करत होत्या. मला बघून बांधापाशी आल्या, पण चिखलातून बाहेर आल्या नाहीत. हातात रोपांची मूठ तशीच होती.

घरचं विचारलं. आगरच्या लोकांचं विचारलं. रखमाबाई घरी आहे, जेवून जा, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो कुठे असतो आता?"

मी सांगितलं, वापीलाच. मध्यंतरी छातीत कळ आली होती, ऑपरेशन झालं, असं ऐकलं.

इरल्यावरून पाणी निथळत होतं.

"जगला?"

"जगला. आता बरा आहे म्हणतात."

"चांगलं झालं," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "इतक्यात जायला नको. अजून बरीच वर्षं आठवायचंय त्याला."

आणि वळून त्या रांगेत आपल्या जागी गेल्या, वाकल्या आणि हातातली रोपं एकेक करून चिखलात खोल रोवू लागल्या.